मिटलेल्या डोळ्यांआड

तीन माणसें डोळे मिटून पडलीं आहेत अशी कल्पना करावी. पहिला मनुष्य आपल्या घरीं अंथरुणावर गाढ झोंपला आहे. दुसऱ्याला एका जाणत्या डॉक्टरानें मोहनिद्रेंत नेलें आहे. तिसरा शस्त्रक्रियेच्या मेजावर असून त्याला भूल दिलेली आहे. दारांतून डोकावणाऱ्या परक्याला हे तिघेही सारखेच दिसतील. भाषासुद्धां त्यांच्यांत फारसा भेद करीत नाहीं. पहिल्याला झोंप लागली, दुसऱ्याला मोहनिद्रा लागली, आणि तिसऱ्याला तर "आतां झोंप येईल" असें सांगूनच औषध टोंचलें जातें. परंतु पहिल्याला मोठ्यानें हांक मारली तर तो दचकून उठेल. दुसऱ्याला प्रश्न विचारला तर तो डोळे न उघडतांच सुसंगत उत्तर देईल. आणि तिसऱ्याच्या पोटावर सुरी चालली तरी तो हूं कीं चूं करणार नाहीं. बाहेरचें रूप एक, पण आंतली स्थिति अगदीं निराळी. ही आंतली स्थिति बाहेरून ओळखावी कशी, हा केवळ तत्त्वज्ञांच्या चर्चेचा विषय नाहीं. ज्याच्या हातीं सुरी आहे त्याला, आणि ज्याच्या अंगावर ती चालायची आहे त्याला, या प्रश्नाचें उत्तर मिळालेंच पाहिजे.

प्रथम नैसर्गिक झोंपेचा विचार केला पाहिजे. जागृति, स्वप्न आणि सुषुप्ति अशा तीन अवस्था, व त्यांच्या पलीकडची चौथी तुर्या, अशी विभागणी मांडूक्योपनिषदांत केलेली आहे. तिचा हेतु अध्यात्माचा होता. झोंपेचें मोजमाप करण्याचा नव्हता. तथापि स्वप्न आणि गाढ निद्रा या दोन स्वतंत्र अवस्था आहेत, एकाच झोंपेचे कमीअधिक अंश नव्हेत, ही गोष्ट त्या विभागणींत स्पष्ट आहे. यंत्राच्या साहाय्यानें ती पडताळून पाहावयास विसावें शतक अर्धे उलटावें लागलें. जर्मनींतील येना येथील मानसरोगवैद्य हान्स बेर्गर यानें १९२४ सालीं मनुष्याच्या मेंदूंतील विजेचे अतिसूक्ष्म चढउतार प्रथम टिपले, आणि १९२९ सालीं ते प्रसिद्ध केले. डोळे मिटून स्वस्थ पडलेल्या, पण जाग्या असलेल्या मनुष्याच्या मेंदूंत सेकंदाला सुमारें दहा लहरी उठतात, असें त्याला दिसलें. झोंप जसजशी गाढ होत जाते तसतशा या लहरी संथ व उंच होत जातात. गाढ निद्रेंत त्यांची गति सेकंदाला एकदोनांवर येते. मोठ्या सभेंत प्रत्येकजण आपापल्या शेजाऱ्याशीं बोलत असतां जसा अखंड कलकलाट उठतो, तशी जागृतीची नोंद असते. तीच सभा एका ठेक्यांत टाळ्या वाजवूं लागली म्हणजे आवाज मोठा होतो, पण बोलणें बंद पडतें. गाढ निद्रेची नोंद ही अशी असते.

यापुढचा शोध अधिक चमत्कारिक होता. १९५३ सालीं शिकागो विद्यापीठांतील युजीन ॲसेरिन्स्की व नॅथॅनिएल क्लाइटमन यांनीं असें दाखवून दिलें कीं, झोंपलेल्या मनुष्याचे डोळे पापण्यांखालीं मधून मधून झपाट्यानें हालूं लागतात, आणि त्या वेळीं त्याला जागें केलें तर तो बहुधा स्वप्न सांगतो. साधारणतः दर नव्वद मिनिटांनीं ही अवस्था येते आणि रात्रींतून चारपांच वेळां तिची फेरी होते. या वेळीं मेंदूची नोंद जाग्या मनुष्याच्या नोंदीशीं इतकी जुळते कीं, केवळ तेवढा कागद पाहून दोहोंतला भेद सांगणें कठीण जावें. शरीर मात्र अगदीं लुळें पडलेलें असतें. श्वासाचा पडदा आणि डोळ्यांचे स्नायु सोडले तर बाकीच्या स्नायूंना मेंदूच्या देठाकडून जणूं कुलूप लागलेलें असतें. नाहीं तर स्वप्नांत धांवणारा मनुष्य अंथरुणावरून खरोखरच उठून धांवला असता. कधीं कधीं जाग आधीं येते आणि कुलूप मागून उघडतें. मग डोळे उघडे आहेत, खोली दिसते आहे, पण बोट हालवतां येत नाहीं, ओरडतां येत नाहीं, आणि छातीवर कोणी तरी बसल्याचा भास होतो. खेड्यापाड्यांतून मुंजा किंवा भूत छातीवर बसल्याच्या ज्या गोष्टी सांगतात, त्यांपैकीं पुष्कळांचें मूळ या अर्ध्या मिनिटांत असलें पाहिजे. सांगणारा खोटें बोलत नसतो. त्याचें मन उठलेलें असतें आणि शरीर अजून निजलेलें असतें, एवढेंच.

झोंप म्हणजे मेंदूचा दिवा विझणें, अशी जुनी समजूत होती. तीही आतां टिकत नाहीं. इटलीचा ज्युसेप्पे मोरूझी आणि अमेरिकेचा होरेस मॅगून या दोघांनीं १९४९ सालीं मांजरावर प्रयोग करून दाखविलें कीं, मेंदूच्या देठांत मज्जापेशींचें एक जाळें असून तेथून वरच्या मेंदूला सतत चेतना मिळत असते. त्या जाळ्याला विजेचा सौम्य स्पर्श केला कीं पेंगुळलेल्या प्राण्याच्या मेंदूंतील लहरी एकाएकीं जागृतीच्या होतात. जागें राहणें हेंही एक चालू काम आहे, आणि झोंपणें हेंही दुसरें काम आहे. दिवसभर जागरण चाललें असतां मेंदूंत ॲडिनोसिन नांवाचें द्रव्य सांचत जातें व तें झोंपेची ओढ वाढवितें. चहाकॉफींतील कॅफिन हें द्रव्य त्या ॲडिनोसिनची मेंदूंतील जागा अडवून बसतें. म्हणून चहाच्या पेल्यानें थकवा नाहींसा होत नाहीं, त्याची वर्दी तेवढी कांहीं काळ पोंचत नाहीं.

आतां दुसऱ्या मनुष्याकडे, म्हणजे मोहनिद्रेकडे वळलें पाहिजे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत फ्रान्झ मेस्मर नांवाच्या डॉक्टरानें व्हिएन्ना व नंतर पॅरिस येथें असा गाजावाजा केला कीं, सर्व विश्वांत एक अदृश्य चुंबकीय द्रव भरलेला असून, आपल्या हातांच्या हालचालींनीं तो रोग्याच्या शरीरांत खेळवितां येतो. रोगी थरथरत, किंचाळत, मूर्च्छित पडत, आणि कित्येकांना बरेंही वाटे. १७८४ सालीं फ्रान्सच्या राजानें या प्रकरणाच्या चौकशीसाठीं समिति नेमली. तींत बेंजामिन फ्रँकलिन व रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिये हे होते. समितीनें युक्ति साधीच केली. रोग्याला न कळूं देतां त्याच्यावर द्रव "सोडला", तर कांहींच होईना. आणि द्रव न सोडतां सोडला असें भासविलें, तर रोगी तत्काळ थरथरूं लागे. द्रव नाहीं, आहे ती कल्पनेची करामत, असा निकाल समितीनें दिला. निकाल बरोबर होता. परंतु नुसत्या कल्पनेनें एवढें घडतें तर तें कसें घडतें, हा प्रश्न समितीनें तेथेंच सोडून दिला.

तो प्रश्न ज्यानें हातीं घेतला तो गोव्याचा होता. बारदेशांतील कांदोळी गांवीं १७५६ सालीं जन्मलेला जुझे कुस्तोदियु द फारिया पंधरा वर्षांचा असतां आपल्या पित्याबरोबर गोवा सोडून लिस्बनला गेला, रोम येथें शिकून पाद्री झाला, आणि पुढें पॅरिसला राहिला. आबे फारिया या नांवानें तो ओळखला जातो. १८१३ सालीं त्यानें पॅरिसमध्यें लोकांसमोर प्रयोग करण्यास आरंभ केला. त्याच्यापाशीं चुंबक नव्हते, पाण्याचीं पिंपें नव्हतीं, हातवाऱ्यांचा विधि नव्हता. तो मनुष्याला खुर्चीवर स्वस्थ बसवी, डोळे मिटून झोंपेचा विचार करावयास सांगे, आणि मग खणखणीत आवाजांत आज्ञा करी : "झोपा!" ज्याची प्रकृति अनुकूल असे त्याला ती अवस्था येई, ज्याची नसे त्याला येत नसे. यावरून फारियानें जो सिद्धान्त काढला तो त्या काळीं कोणालाच रुचला नाहीं. प्रयोग करणाऱ्याच्या अंगीं कसलीही शक्ति नसते. जें कांहीं घडतें त्याचें कारण प्रयोग करवून घेणाऱ्याच्या मनांत असतें, असें त्याचें म्हणणें होतें. या अवस्थेला त्यानें सजग निद्रा म्हटलें. मेस्मरपंथीयांना हें मत आपल्या द्रवावरचा घाला वाटला, धर्मगुरूंना त्यांत सैतानाचा वास आला, आणि १८१६ सालीं पॅरिसच्या रंगभूमीवर त्याची टवाळी करणारें एक प्रहसनही झळकलें. सप्टेंबर १८१९ मध्यें तो वारला. त्याच वर्षीं त्याच्या ग्रंथाचा पहिला भाग प्रसिद्ध झाला होता.

फारियाचें सर्वच म्हणणें खरें ठरलें असें नाहीं. ज्यांचें रक्त पातळ असतें त्यांनाच ही निद्रा लवकर लागते, असें त्याचें मत होतें; त्याला कांहीं आधार नाहीं. परंतु मुख्य सिद्धान्त टिकला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समधील नान्सी येथील डॉक्टरांनीं सूचना हेंच मोहनिद्रेचें मूळ आहे असें प्रतिपादन केलें, तेव्हां फारियाचें नांव पुन्हां आदरानें निघालें. पणजीला जुन्या सचिवालयाशेजारीं शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनीं घडविलेला त्याचा पुतळा १९४५ सालापासून उभा आहे. एका स्त्रीवर हात पसरून उभा असलेला हा पाद्री पाहून मंत्रतंत्राची आठवण होणें साहजिक आहे. प्रत्यक्षांत त्याच्या आयुष्याचें सार नेमकें उलट होतें. हातांत कांहीं नसतें, हेंच त्यानें सांगितलें.

फारियाच्या सिद्धान्ताची सर्वांत कठोर कसोटी, कोणी तशी योजलेली नसतां, बंगालमध्यें लागली. हुगळी येथें कंपनीसरकारच्या चाकरींत असलेला जेम्स एस्डेल नांवाचा स्कॉटिश शल्यवैद्य ४ एप्रिल १८४५ रोजीं तुरुंगाच्या रुग्णालयांत एका कैद्यावर अंडवृद्धीचा उपचार करीत होता. कैद्याला असह्य वेदना होऊं लागल्या. एस्डेलनें मेस्मरच्या पद्धतीबद्दल केवळ वाचलेलें होतें. प्रयोग कधीं पाहिलाही नव्हता. तरी त्यानें ती करून पाहिली, आणि कैदी असा निपचित झाला कीं टोंचलेलेंही त्याला कळेना. त्यानंतर एस्डेलनें या पद्धतीनें लहानमोठ्या शेंकडों शस्त्रक्रिया केल्या. हत्तीरोगानें झालेल्या प्रचंड गांठीही काढल्या. अंधाऱ्या खोलींत रोग्याच्या उशाशीं बसून तासन् तास हात फिरविण्याचें कष्टाचें काम त्याचे हिंदू व मुसलमान मदतनीस करीत. १८४६ सालीं बंगाल सरकारनें समिति नेमून या प्रयोगांची पाहणी करविली, आणि त्याच वर्षाअखेर कलकत्त्यास एक लहानसें रुग्णालय एस्डेलच्या स्वाधीन केलें.

त्या समितीच्या नोंदींत एक बाब अशी आहे कीं, ती आजही वाचणाऱ्याला थांबवून धरते. शस्त्रक्रिया चालू असतां कांहीं रोग्यांचें अंग पिळवटत होतें आणि चेहरा वेदनेनें वेडावांकडा होत होता. परंतु नंतर विचारतां त्यांनीं आपल्याला कांहींच कळलें नाहीं असें सांगितलें. मग त्यांना वेदना झाल्या होत्या कीं नव्हत्या? झाल्या व विसरल्या, कीं मुळीं झाल्याच नाहींत आणि केवळ शरीर तळमळलें? समितीपाशीं याचें उत्तर नव्हतें.

उत्तर निघण्यापूर्वींच प्रसंग बदलला. १६ ऑक्टोबर १८४६ रोजीं अमेरिकेंत बॉस्टन येथील रुग्णालयांत दंतवैद्य विल्यम मॉर्टन यानें ईथरची वाफ हुंगवून रोग्याला बेशुद्ध केलें आणि त्याच्या मानेवरील गांठ शल्यवैद्यानें सर्वांसमक्ष कापून काढली. वर्ष संपण्यापूर्वींच ईथर लंडनला पोंचलें. नोव्हेंबर १८४७ मध्यें एडिंबरोच्या जेम्स सिम्सन यानें क्लोरोफॉर्म पुढें आणलें. मोहनिद्रेला रोग्याची अनुकूल प्रकृति लागे, कित्येक तास, कधीं कित्येक दिवस लागत, आणि तरीही ती साधेलच असा भरंवसा नसे. ईथर राजाला, रंकाला, विश्वास ठेवणाऱ्याला व न ठेवणाऱ्याला कांहीं मिनिटांत सारखेंच लागू पडे. एस्डेल १८५१ सालीं हिंदुस्थान सोडून गेला, आणि मोहनिद्रा रुग्णालयांतून निघून तमाशांच्या मंचावर गेली. "हिप्नॉटिझम" हें तिचें नवें नांव मँचेस्टरचा शल्यवैद्य जेम्स ब्रेड यानें १८४३ च्या आपल्या ग्रंथांत रूढ केलें होतें. ग्रीक निद्रादेवतेवरून तें बनलें आहे. पुढें ब्रेडच्याच लक्षांत आलें कीं ही निद्रा नव्हे, एकाच कल्पनेवर खिळलेलें अवधान आहे. त्यानें नांव बदलण्याची खटपट केली; पण तोंपर्यंत तें जगाच्या तोंडीं बसलें होतें.

ब्रेडचा हा दुसरा विचारच खरा होता. मोहनिद्रेंतील मनुष्याच्या मेंदूची नोंद झोंपेची नसून जागृतीचीच असते. तो ऐकतो, बोलतो, बहुधा सर्व आठवतो, आणि आपल्या नीतीला न पटणारी आज्ञा सहसा मानीत नाहीं. दहांतील एकदोघे या अवस्थेंत सहज व खोल जातात, तितक्याच जणांवर तिचा कांहीं परिणाम होत नाहीं, आणि बाकीचे मध्यें कोठें तरी असतात. तथापि वेदनेवर तिचा परिणाम होतो यांत शंका उरलेली नाहीं. १९९७ सालीं माँट्रिअल येथील शास्त्रज्ञांनीं लोकांना कढत पाण्यांत हात धरावयास लावून मोहनिद्रेंत सूचना दिली कीं, या वेदनेचा त्रास तुम्हांला कमी वाटेल. त्रास कमी झाला. पाणी कढत आहे हें ज्या भागांत कळतें तो मेंदूचा भाग पूर्वीइतकाच काम करीत होता. मात्र वेदनेच्या क्लेशाशीं ज्याचा संबंध आहे तो पुढचा आंतला भाग सूचनेप्रमाणें बदलला होता. दुखणें आणि दुखण्याचा छळ होणें या दोन गोष्टी मेंदूच्या लेखीं वेगळ्या आहेत. अफूपासून काढलेलें मॉर्फिन दिलेले रोगी नेमकें हेंच सांगतात. दुखतें आहे, पण त्याचें कांहीं वाटत नाहीं, असें त्यांचें म्हणणें असतें. बेल्जममधील लिएज येथील रुग्णालयांत १९९२ सालापासून, स्थानिक बधिरता व अल्प गुंगीचें औषध यांच्या जोडीला मोहनिद्रा योजून, गळ्यांतील थायरॉइड ग्रंथीच्या शस्त्रक्रियांसुद्धां केल्या गेल्या. एस्डेलची विद्या अशा रीतीनें योग्य मापांत परत आली.

येथें मादक द्रव्यांबद्दल दोन शब्द सांगणें जरूर आहे. हीं द्रव्यें मेंदूंत कांहीं परकें राज्य स्थापीत नाहींत. तेथील स्वतःच्या व्यवहारांत लुडबुड करतात. मॉर्फिन मेंदूंत ज्या जागीं जाऊन बसतें ती जागा मुळांत कोणासाठीं आहे, असा शोध चालला असतां १९७५ सालीं मेंदूच स्वतः निर्माण करीत असलेलीं वेदनाशामक द्रव्यें सांपडलीं. भांग व गांजा यांच्याबाबतही तेंच घडलें. १९९२ सालीं जेरुसलेम येथील संशोधकांना मेंदूंतील जें द्रव्य गांजाच्या जागीं बसणारें आढळलें, त्याला त्यांनीं संस्कृत "आनंद" शब्दावरून "आनंदामाइड" असें नांव दिलें. नांव गोड असलें तरी अर्थ सावध करणारा आहे. जी व्यवस्था मेंदू थेंबाथेंबानें, वेळ व जागा पाहून चालवितो, तिच्यांत बाहेरून ओतलेलें द्रव्य घागरीनें येतें. मद्यानें झोंप लवकर लागते, पण स्वप्नावस्थेची वांटणी बिघडते आणि उत्तररात्रीं झोंप वारंवार मोडते. गुंगी आली म्हणजे विश्रांति मिळाली, असें म्हणतां येत नाहीं.

शेवटीं तिसरा मनुष्य, भूल दिलेला. या क्षेत्रांत मनुष्यजातीनें शहाणपणाची किंमत रोख मोजली आहे. जानेवारी १८४८ मध्यें, म्हणजे क्लोरोफॉर्मचा प्रचार सुरू होऊन तीन महिनेही झाले नव्हते तोंच, इंग्लंडमध्यें पायाच्या नखाच्या किरकोळ शस्त्रक्रियेसाठीं तें हुंगवलेली एक पंधरा वर्षांची मुलगी तत्काळ मरण पावली. क्लोरोफॉर्म आधीं श्वास थांबवितें कीं हृदय, यावर चाळीस वर्षें वाद माजला. तो मिटविण्यासाठीं हैदराबादेस एडवर्ड लॉरी या डॉक्टराच्या पुढाकारानें व निजामसरकारच्या खर्चानें १८८८ व १८८९ सालीं दोन आयोग बसले. शेंकडों कुत्र्यांवर प्रयोग करून त्यांनीं निर्णय दिला कीं, श्वास आधीं थांबतो. श्वासावर लक्ष ठेवलें तर हृदयाला भय नाहीं. श्वासावर लक्ष ठेवावें हा उपदेश उत्तम होता, पण हृदयाबद्दलचा निर्वाळा चुकीचा होता. १९११ सालीं लंडनच्या गुडमन लेव्ही यानें दाखविलें कीं, भूल हलकी असतांच क्लोरोफॉर्मनें हृदयाची लय एकाएकीं विस्कटून मृत्यु येऊं शकतो. पुढें हें औषध मागें पडलें.

भूल म्हणजे गाढ झोंप नव्हे, हें आतां निश्चित झालें आहे. झोंपलेला मनुष्य हांकेनें उठतो, कुशीवर वळतो, घशांत कांहीं गेलें तर खोंकतो. भूल दिलेल्याचे हे सर्व रक्षक निजलेले असतात. शस्त्रक्रियेपूर्वीं उपाशी राहावयास सांगतात तें यासाठींच. पोटांतलें अन्न उलटून श्वासनलिकेंत गेलें तर अडविणारा कोणी नसतो. आजचीं बहुतेक भुलीचीं औषधें मेंदूंतील आवर घालणाऱ्या व्यवस्थेचें बळ वाढवितात, आणि मेंदूच्या दूरदूरच्या भागांतला परस्पर निरोपांचा व्यवहार तुटतो. प्रत्येक खोलींत दिवा मिणमिणत असतो, पण एका खोलींतलें बोलणें दुसरींत जात नाहीं.

तरी खरी अडचण याच्या पुढेंच आहे. १९४२ सालीं माँट्रिअलच्या हॅरॉल्ड ग्रिफिथ यानें दक्षिण अमेरिकेंतील रानटी जमातींच्या बाणांवरचें कुरारी नांवाचें विष शस्त्रक्रियेच्या वेळीं स्नायु ढिले पाडण्यासाठीं वापरलें. शल्यवैद्यांची मोठी सोय झाली. पण या औषधानें मनुष्य बेशुद्धही होतो कीं काय, अशी शंका होती. ती फेडण्यासाठीं १९४७ सालीं अमेरिकेंतील यूटा संस्थानच्या डॉ. स्कॉट स्मिथ यानें पूर्ण शुद्धींत असतां तें औषध स्वतःच्या शिरेंत टोंचून घेतलें. त्याचे सर्व स्नायु लुळे पडले. सहकाऱ्यांनीं यंत्रानें श्वास चालू ठेवला. औषध उतरल्यावर त्यानें त्या वेळांत जें जें बोललें गेलें व केलें गेलें तें सर्व सांगितलें. जाणीव तिळमात्र कमी झाली नव्हती. कमी झालें होतें तें केवळ ती प्रकट करण्याचें साधन.

या एका प्रयोगानें निश्चल शरीरावरचा विश्वास कायमचा उडाला. स्नायु ढिले करणारें औषध पुरें आणि भुलीचें औषध अपुरें पडलें, तर मेजावरचा मनुष्य जागा असूनही त्याला कोणालाच कांहीं सांगतां येणार नाहीं. २०१४ सालीं ब्रिटन व आयर्लंडमधील मोठ्या पाहणींत असें दिसलें कीं, भूल असतां जाग आल्याची तक्रार सुमारें १९,००० प्रसंगांत एकदां नोंदली जाते. स्नायु ढिले करणारें औषध दिलेलें असेल तेथें हें प्रमाण सुमारें ८,००० त एक, आणि तें दिलेलें नसेल तेथें १,३६,००० त एक असें होतें. संकट विरळा आहे, पण कल्पित नाहीं. ज्यांच्यावर तें ओढवतें त्यांपैकीं कित्येकांची झोंप पुढें वर्षानुवर्षें उडते.

आणि स्मृति तरी साक्षीदार म्हणून कितपत भरंवशाची? १९०६ सालापासून जर्मनींतील फ्रायबुर्ग येथें बाळंतिणींना मॉर्फिन व स्कोपोलामिन देण्याची एक पद्धत प्रसिद्धीस आली. तिला संधिप्रकाशाची निद्रा असें नांव होतें. स्त्रिया वेदनेनें ओरडत, अंग टाकीत, आणि दुसऱ्या दिवशीं मूल हातीं दिलें म्हणजे आपल्याला कांहीं दुखलें नाहीं असें समाधानानें सांगत. स्मृति पुसली होती, वेदना नव्हे. १९७७ सालीं मायकेल टन्स्टॉल यानें भुलीच्या वेळीं रोग्याचा एक हात पट्ट्यानें आवळून स्नायु ढिले करणाऱ्या औषधापासून मोकळा ठेवण्याची युक्ति काढली. "ऐकूं येत असेल तर माझा हात दाबा," असें सांगतां कांहीं रोग्यांनीं खरोखरच हात दाबला. आणि शुद्धीवर आल्यावर त्यांतील बहुतेकांना तें आठवतही नव्हतें. एस्डेलच्या रोग्यांबद्दल १८४६ सालीं पडलेला प्रश्न असा दीडशें वर्षांनंतरही उभाच आहे. फरक इतकाच कीं, तो आतां डावलला जात नाहीं.

यावरून निष्पन्न काय होतें? ज्याला शुद्धि हें एकच नांव दिलें जातें, तींत निदान तीन धागे आहेत : जाणणें, हालणें आणि आठवणें. निरोगी जागृतींत ते एकत्र वळलेले असतात म्हणून दोर एकच वाटतो. स्वप्नांत जाणणें असतें, हालणें नसतें, आणि आठवणें बहुतेक सकाळीं विरून जातें. मोहनिद्रेंत तिन्ही असतात. बदलतें तें अवधान. कुरारीच्या अंमलाखालीं जाणणें व आठवणें असतें, हालणें नसतें. संधिप्रकाशाच्या निद्रेंत जाणणें व हालणें असतें, आठवणें नसतें. चांगल्या भुलींत तिन्ही सोडवून ठेवलेले असतात व काम संपल्यावर पुन्हां वळले जातात. कोणताही एक धागा तुटलेला दिसला म्हणून बाकीचे दोन तुटले असें धरून चालणें, ही या विषयांतील सर्वांत जुनी व सर्वांत महाग चूक आहे.

ज्यांच्या घरीं कोणाची शस्त्रक्रिया व्हावयाची असेल त्यांना या माहितीचा उपयोग करून घेतां येईल. भूल देणारा डॉक्टर शस्त्रक्रियेपूर्वीं भेटावयास येतो, तेव्हां त्याच्या प्रश्नांना संकोच न धरतां खरीं उत्तरें द्यावीं. मद्य, तंबाखू, भांगगांजा, रोजच्या झोंपेच्या गोळ्या यांपैकीं जें चालू असेल तें वडीलधाऱ्यांसमोर सांगावयास लाज वाटत असेल तर एकांतांत सांगावें. भुलीचें माप त्यावर अवलंबून असतें. रात्रीं मोठ्यानें घोरण्याची व मध्येंच श्वास अडकण्याची खोड असेल तर तीही सांगावी, कारण गुंगींत हाच श्वास अधिक अडकतो. घरांत पूर्वी कोणाला भुलीपासून त्रास झाला असेल तर तें सांगावें. आणि शस्त्रक्रियेनंतर एखाद्यानें, "मला मध्यें सगळें ऐकूं येत होतें," असें म्हटलें, तर त्याला भ्रम झाला म्हणून गप्प बसवूं नये. त्याचें म्हणणें शांतपणें ऐकून घ्यावें व डॉक्टरांच्या कानीं घालावें. तें स्वप्न असेल, किंवा खरी जागही असेल. तें ठरविण्याचें काम डॉक्टरांचें आहे. पण तें सांगण्याचा हक्क त्याचा एकट्याचा आहे, कारण त्या वेळीं मिटलेल्या डोळ्यांआड तो एकटाच होता.